९८५ फुलं आणि एक कात्री

मेरी डिलेनी हे नाव तुम्ही ऐकलं नसेल तर त्यात नवल काही नाही. आपल्या शाळेच्या इतिहासात ह्या बाईंना जागा असण्याचं कारण नाही, आणि खुद्द इंग्लंडमध्येही त्यांचं काम बरीच वर्षं 'मोठ्या घरच्या बायकांचं भरतकाम-विणकाम' ह्याच खात्यात जमा होतं. थोडक्यात ओळख करून द्यायची तर: जन्म १७०० सालचा. १७७२ साली, म्हणजे वयाच्या बहात्तराव्या वर्षी, ह्या बाईंनी रंगीत कागद कातरून फुलं करायला घेतली. ऐंशी ओलांडून डोळ्यांनी दगा देईपर्यंत, म्हणजे १७८२ पर्यंत, त्या ती करत राहिल्या. एकूण फुलं ९८५. त्यांचे दहा जाडजूड अल्बम आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

आता सवयीप्रमाणे मी लगेच भागाकार केला. दहा वर्षांत ९८५ म्हणजे वर्षाला साधारण अठ्ठ्याण्णव, म्हणजे आठवड्याला जवळजवळ दोन. आपल्या भाषेत दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये चार फुलं, आणि अशी दहा वर्षं. स्टँड-अप नाही, मॅनेजर नाही, अप्रेझल तर नाहीच नाही :)

ही गोष्ट इंग्रजीत बऱ्याच ठिकाणी सांगितली जाते आणि तिच्याखाली ठरलेलं तात्पर्य असतं: 'सुरुवात करायला कधीच उशीर झालेला नसतो.' ऐकायला बरं वाटतं. सोमवारी सकाळी कंपनीच्या बसमध्ये वाचलं तर फारच बरं वाटतं, कारण त्याचा सोयीचा अर्थ असा निघतो की आज काही केलं नाही तरी चालेल, बहात्तराव्या वर्षी बघू. पण ह्या बाईंचं चरित्र जरा नीट वाचलं की लक्षात येतं, त्यांनी बहात्तराव्या वर्षी 'सुरुवात' वगैरे काही केली नव्हती. खरी गोष्ट त्याहून बरीच लांब आहे, आणि मला विचाराल तर जास्त उपयोगाची आहे. आज तीच सांगतो.

कागद पहिल्यापासून होता

मेरीचं माहेरचं आडनाव ग्रॅनव्हिल. घराणं मोठं, पण घरात पैसा बेताचा. एका आत्याकडे राहून दरबारी रीतभात शिकायची आणि पुढे राणीच्या पदरी मानाची नोकरी मिळवायची, असा बेत होता. शाळेत असताना, म्हणजे अगदी सहा-आठ वर्षांची असताना, तिला कागदाची फुलं आणि पक्षी कातरायचा नाद होता. एक मैत्रीण ते तुकडे गोळा करायची आणि आपल्या झग्याला टाचणीने लावून मिरवायची. म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींत मेरीने हे स्वतः नोंदवून ठेवलंय. म्हणजे हातात कात्री आली ती १७७२ मध्ये नव्हे, साठ-पासष्ट वर्षं आधीच.

दहा वर्षांची असताना आणखी एक गंमत झाली. १७१० साली हँडेल नावाचा तरुण जर्मन संगीतकार इंग्लंडात नुकताच आला होता. (होय, तोच. तेव्हा तो पंचविशीत होता.) तो तिच्या काकांकडे आला, घरात दुसरं वाद्य नव्हतं म्हणून मेरीच्या छोट्याशा स्पिनेटवर बसला आणि वाजवून गेला. तो गेल्यावर मेरी तिथेच जाऊन बसली आणि वाजवायला लागली. काकांनी चिडवलं, की त्याच्याइतकं वाजवशील असं वाटतं का तुला? तिने सांगितलं, तसं वाटत नसतं तर हे वाद्य जाळूनच टाकलं असतं. पुढे हँडेल आयुष्यभर तिचा स्नेही राहिला.

इथपर्यंत सगळं छान आहे. मग १७१४ मध्ये अ‍ॅन राणी वारली, गादीवर दुसरं घराणं आलं, ग्रॅनव्हिल मंडळी नव्या राजवटीच्या विरोधी पक्षातली निघाली आणि दरबारी नोकरीचा बेत बारगळला. १७१८ मध्ये, सतराव्या वर्षी, तिचं लग्न साठीच्या घरातल्या पेंडार्व्हस नावाच्या जमीनदाराशी लावून दिलं. नवरा पार्लमेंटचा सभासद, दारूचा शौकीन, संधिवाताने बेजार. कॉर्नवॉलमधलं जुनं पडकं घर. १७२५ मध्ये तो झोपेतच गेला. मृत्युपत्रात बायकोच्या बाजूने बदल करायचा राहून गेलेला, त्यामुळे बहुतेक इस्टेट दुसरीकडे गेली. चोविसाव्या वर्षी ही मुलगी विधवा. हातात पोटापुरतं वार्षिक उत्पन्न, आणि त्या काळच्या बायकांना सहसा न मिळणारी एक गोष्ट: स्वतःचा वेळ.

मधली चाळीस-पंचेचाळीस वर्षं

प्रेरणादायी लेख लिहिणारे इथून थेट १७७२ वर उडी मारतात. पण माझ्या मते सगळी गंमत मधल्याच वर्षांत आहे, म्हणून इथे जरा थांबू या.

ह्या काळात मेरीने काय काय केलं त्याची यादीच करता येईल. भरतकाम. शिंपल्यांचं काम, म्हणजे भिंती, छत, बागेतली गुहा हे सगळं शिंपल्यांनी मढवणं. हे तेव्हाचं मोठं फॅड होतं. चित्रकला: आधी पेन्सिल, मग तैलरंग, मोठ्या चित्रकारांच्या कामाच्या प्रती काढणं. १७३१ मध्ये चित्रकार होगार्थने तिला रेखाटनाचे काही धडे द्यायचं कबूल केलं होतं. ह्याशिवाय बाग, संगीत, आणि पत्रं. पत्रं किती, तर पुढे ती छापली तेव्हा त्यांचे सहा खंड झाले! त्यातली ढीगभर धाकटी बहीण अ‍ॅनला लिहिलेली.

१७४० च्या सुमाराचा एक दरबारी पोशाख आहे. काळं सॅटिन आणि त्यावर भरलेली रंगीत फुलं. नक्षीतली गोल गोल, कुठल्याच झाडाला न लागणारी फुलं नव्हेत. हे गुलाब, ही जाई असं ओळखता येईल अशी. डिझाइन तिचं स्वतःचं. त्याचे काही तुकडे अजून शिल्लक आहेत. काळ्या पार्श्वभूमीवर खरंखुरं फूल! ही कल्पना लक्षात ठेवा, तीस वर्षांनी ती परत येणार आहे.

१७४३ मध्ये तिने पॅट्रिक डिलेनीशी लग्न केलं. हा आयरिश धर्मगुरू, जोनाथन स्विफ्टच्या (गलिव्हरवाल्या) मित्रमंडळातला, वयाने साठीकडे झुकलेला, आणि घराणं अगदीच साधं. तिच्या माहेरच्यांना हे स्थळ मुळीच पसंत नव्हतं. तिने ऐकलं नाही. डब्लिनजवळच्या डेलव्हिल ह्या घरात दोघांनी पंचवीस वर्षं काढली. डिलेनीसाहेबांचं कौतुक एवढ्यासाठी करायचं की बायकोच्या कामाला त्यांनी कधी 'टाइमपास' म्हटलं नाही. उलट ती चित्र काढायला बसली की ते खूष असायचे. ही पंचवीस वर्षं सगळी सुखाची गेली असंही नाही. त्यांच्या पहिल्या बायकोच्या नातेवाइकांनी घातलेला कोर्टाचा दावा बरीच वर्षं चालला आणि दोघांना पुरतं पिळून निघाला. १७६१ मध्ये बहीण अ‍ॅन गेली. १७६८ मध्ये डिलेनी गेले. म्हणजे डिलेनीबाई अडुसष्टाव्या वर्षी पुन्हा एकट्या.

ह्या सगळ्या वर्षांत त्यांनी एकही 'मास्टरपीस' केला नाही. त्या केवळ शिंपले आणि भरतकामावर थांबल्या असत्या तर आज मी हा लेख लिहिला नसता. पण हात मात्र एक दिवसही गंजला नाही. माध्यम बदललं, घर बदललं, देश बदलला, नवरा बदलला. एक गोष्ट टिकली: रोज काहीतरी निरखून बघायचं आणि हाताने ते परत करून बघायचं.

फुलांना नावं कशी मिळाली

नवरा गेल्यावर त्यांना हात दिला तो जुन्या मैत्रिणीने, पोर्टलंडच्या डचेसने. ही इंग्लंडमधली अतिशय श्रीमंत बाई. तिला शिंपले, किडे, झाडं, पक्षी, सगळंच गोळा करायचं वेड. तिच्या बुलस्ट्रोड ह्या हवेलीत निसर्ग अभ्यासणाऱ्यांचा राबता असायचा. लाइटफूटसारखा वनस्पतिशास्त्रज्ञ तिच्या पदरी होता, एरेटसारखा फुलांचा चित्रकार येऊन काम करत होता. डिलेनीबाई दर उन्हाळ्यात इथे मुक्कामाला असायच्या.

काळही मोठा मजेदार होता. लिनियसची पद्धत नवी होती. फुलातले पुंकेसर आणि स्त्रीकेसर मोजायचे आणि त्यावरून वनस्पतीचा वर्ग ठरवायचा. आपल्या लोकांना समजेल असं सांगायचं तर जगभरातल्या सगळ्या झाडांसाठी एकच स्कीमा, आणि पुंकेसरांची संख्या ही इंडेक्सची की. १७७१ मध्ये कॅप्टन कुकचं जहाज परत आलं आणि त्यावरून जोसेफ बँक्स आणि सोलँडर हे दोघे शास्त्रज्ञ हजारो नमुने घेऊन उतरले. डिलेनीबाई त्याच वर्षाच्या शेवटी बँक्सच्या घरी जाऊन तो खजिना बघून आल्या. त्याआधी १७६९ मध्ये, नवरा गेल्याच्या दुसऱ्याच वर्षी, त्यांनी हडसनचं लॅटिन भाषेतलं ब्रिटिश वनस्पतींवरचं पुस्तक इंग्रजीत उतरवून काढलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं, छापायचंही नव्हतं. एकोणसत्तराव्या वर्षी नवीन विषय शिकायचा होता म्हणून.

आणि मग १७७२. बुलस्ट्रोडमध्ये टेबलावर लाल जिरेनियमचं फूल होतं आणि शेजारी नेमक्या त्याच छटेचा कागद पडला होता. बाईंनी कात्री घेतली आणि पाकळ्या कातरून मांडल्या. डचेस खोलीत आली आणि म्हणाली, ह्या जिरेनियमचं काय चाललंय? तिला कागदाच्या पाकळ्या खऱ्या वाटल्या होत्या. त्या ऑक्टोबरमध्ये भाचीला लिहिलेल्या पत्रात बाईंनी कळवून टाकलं की फुलांची हुबेहूब प्रतिमा करायची एक नवी रीत आपल्याला सापडली आहे.

कात्री लहानपणची. काळी पार्श्वभूमी भरतकामातली. रंगाची जाण चित्रकलेतली. पुंकेसर मोजायची शिस्त लिनियसची. तुकडा तुकडा जोडून मोठं काहीतरी उभं करायचा धीर शिंपल्यांच्या कामातला. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं एका क्षणी वीज चमकली. आत बघितलं तर साठ वर्षांच्या लायब्ररीज एका प्रोग्रॅममध्ये लिंक झाल्यात.

काम कसं चालायचं

ह्या फुलांना बाई 'कागदाचं मोझेक' म्हणत. आधी एका कागदाला गडद काळा रंग द्यायचा. समोर खरं फूल ठेवायचं. पेन्सिलने आधी आखून न घेता नजरेनेच कात्री चालवायची. एका पाकळीत उजेडाचा कागद वेगळा, सावलीचा वेगळा, कडेची शीर वेगळी. असे बारीक बारीक तुकडे एकावर एक चिकटवत जायचे. १७७७ मधलं कृष्णकमळाच्या जातीचं एक फूल आहे, त्यात नुसत्या फुलातच दोनशेहून जास्त तुकडे मोजलेत. काही चित्रांत थोडा जलरंग आहे, काहींत चक्क खरं वाळलेलं पान चिकटवलंय. आपल्या आज्या जुन्या लुगड्यांच्या चिंध्यांतून गोधडी शिवायच्या, त्यातली रंगांची जुळवाजुळव ज्यांनी बघितली आहे त्यांना हे काम लगेच कळेल. फक्त इथे तुकडे केसाएवढे बारीक आहेत.

प्रत्येक फुलाखाली लॅटिन नाव, लिनियसच्या पद्धतीतला वर्ग, आणि कागदातूनच कातरलेली स्वतःची आद्याक्षरं. मागे तारीख, कुठे केलं ते ठिकाण, आणि फूल कोणी दिलं त्याचं नाव. म्हणजे कमिट लॉगच! त्यामुळेच आज आपल्याला सांगता येतं की कुठलं फूल कुठल्या दिवशी झालं.

कीर्ती पसरली तशी फुलं घरपोच यायला लागली. चेल्सीच्या औषधी बागेतून, नर्सरीवाल्यांकडून, लॉर्ड मंडळींच्या काचघरांतून. पुढे तिसरा जॉर्ज आणि शार्लट राणी ह्यांनी क्यूच्या बागेतून नमुने पाठवायला सांगितलं. बँक्स तर म्हणायचा, असं सांगतात, की निसर्गाच्या ह्या एवढ्याच प्रतिकृती अशा आहेत ज्यांच्यावरून वनस्पतीचं शास्त्रीय वर्णन मी बेधडक लिहीन.

बाईंना हजार फुलं पुरी करायची होती. १७८२ मध्ये डोळे इतके अधू झाले की थांबावं लागलं. पंधरा बाकी राहिली. १७८५ मध्ये डचेस गेली, तेव्हा राजाने विंडसरला घर दिलं आणि वर्षाला तीनशे पौंडांचं पेन्शन. १५ एप्रिल १७८८ रोजी, अठ्ठ्याऐंशीला महिना कमी असताना, त्या वारल्या. अल्बम घराण्यातच राहिले आणि त्यांची पत्रं छापणाऱ्या वंशज लेडी लानोव्हर ह्यांच्या मृत्युपत्रानुसार १८९७ मध्ये ब्रिटिश म्युझियमला मिळाले. शंभराहून जास्त वर्षं ती फुलं घरातल्या माणसांनीच बघितली.

आता आपलं

हे सगळं मी का उगाळत बसलोय? कारण घरातच एक उदाहरण आहे. माझे बाबा कॉलेजात असताना तबला शिकायचे, बऱ्यापैकी वाजवायचे असं त्यांचे मित्रही सांगतात. मग बँकेची नोकरी, बदल्या, आमची शिक्षणं. तबला माळ्यावर. "रिटायर झालो की परत बसणार" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. झाले रिटायर. तबला खाली काढला, पुडी नवीन चढवून आणली, रोज संध्याकाळी बसायला लागले. पाच महिन्यांनी बंद. मी विचारलं तर म्हणाले, "बोल सगळे डोक्यात स्वच्छ आहेत रे, तिरकिट म्हटलं की ऐकूसुद्धा येतं. हाताला पत्ता नाही." तक्रारीच्या सुरात नव्हतं, साधी माहिती दिल्यासारखं सांगितलं. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

अडचण वयाची म्हणावी तर डिलेनीबाई बाबांपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या होत्या. फरक मधल्या वर्षांचा होता. बाईंचं काम मधल्या काळात लहान झालं, बदललं, पण बंद पडलं नाही. बाबांचं पस्तीस वर्षं पूर्ण बंद होतं. बंद पडलेलं काम त्याच जागेवरून परत चालू होत नाही. दरम्यान कान मोठे होतात, हात लहानच राहतात आणि त्या दोघांतलं अंतर रोज बघणं सोपं नसतं.

लगेच कोणीतरी म्हणेल, अरे त्या बाईंना ना ईएमआय, ना ऑन-कॉल, ना हिंजवडीचं ट्रॅफिक. घरात नोकरचाकर, मूलबाळ नाही, मैत्रीण डचेस. शंभर टक्के मान्य. बाबांना बदलीच्या गावात दोन खोल्यांत तबला वाजवू दिला असता का शेजाऱ्यांनी? आईला तर असं काही माळ्यावर ठेवण्याइतकीसुद्धा सवड मिळाली नाही. त्यामुळे 'त्यांनी केलं, मग तुम्हाला काय धाड भरली' असं मी कोणालाच म्हणणार नाही. पण वेळ असूनही बहुतेकांचं काम सुटतं, हेही आपण बघतोच. वीकेंड आपल्यालाही मिळतात. ते कुठे जातात कोणास ठाऊक! म्हणून त्यांच्या आयुष्यातलं उचलण्यासारखं काय आहे ते मी माझ्यापुरतं काढलंय.

एक, त्यांनी माध्यमाचा हट्ट धरला नाही. तैलरंग जमत नव्हते त्या दिवसांत शिंपले, शिंपले नाहीत तर सुई. दोन, कामाचं एकक लहान होतं. एक फूल. सुरू केलेलं दोन-चार दिवसांत संपतं, खाली तारीख पडते, दुसरं घेता येतं. 'कादंबरी लिहिणार' असं म्हणणारे माझे तीन मित्र आहेत, तिघांचीही पहिल्या प्रकरणात आहे. तीन, बघणारी माणसं मोजकी, पण पक्की. बहीण, नवरा, डचेस. काय केलंस दाखव, असं विचारणारं एक माणूस पुरतं. हजार लाइक्सवाले फॉलोअर्स ते काम करू शकत नाहीत, कारण तुम्ही थांबलात तर त्यांच्या लक्षातही येत नाही. आणि चार, विकायचं नव्हतं. आपल्या पिढीत कोणी चांगला केक केला की दुसऱ्या मिनिटाला कोणीतरी म्हणतं, "बिझनेस का नाही सुरू करत?" बिचाऱ्या केकला केक राहू द्या ना.

ह्यातलं तिसरं मी लगेच अमलात आणलंय. दर रविवारी बाबांकडून एकच कायदा, तोही विलंबित लयीत, ऐकायचा. तिरकिटचं नावही काढायचं नाही. सध्या चार रविवार झालेत. पुढे काय होईल ते होईल.

तुम्हाला एवढंच सांगतो, ब्रिटिश म्युझियमच्या साइटवर ही फुलं बघता येतात. १७७६ मधला मॅग्नोलिया उघडा आणि जेवढा मोठा करता येईल तेवढा करा. लांबून ते चित्र वाटतं. जवळ गेलं की कातरलेल्या कडा दिसायला लागतात. त्या कडा कापल्या तेव्हा बाई शहात्तर वर्षांच्या होत्या. आणि मग तुमच्या माळ्यावर काय आहे, तेही एकदा बघून घ्या. रिटायरमेंटला अजून तीस वर्षं आहेत तोवर.